भोक बुजवायचं नसतं, बाबा

यंदाच्या सुट्टीत बेळगावात मी सगळ्यात जास्त वेळ कुठं काढला असेल, तर उद्यमबागेतल्या एका गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या स्टुलावर. कुंद्याच्या फोटोंची वाट बघणाऱ्यांनी माफ करावं. मी राहते त्या जर्मनीतल्या स्टुटगार्टला गाडी दुरुस्तीला दिली की किल्ली काउंटरवर ठेवायची आणि निघायचं. आत ग्राहकाला मज्जाव, कारण काय तर विमा. तिथं माझ्या गाडीचा वॉटर पंप बदलला तेव्हा त्यातलं मला दिसलं ते फक्त बिल.

बाबांच्या जुन्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ग्लायकॉल-पाण्याचं मिश्रण, बरेच महिने कमी होत होतं. पार्किंगमध्ये फरशीवर थेंब नाही, म्हणून गळतीच नाही, हा बाबांचा निष्कर्ष. टाकीतली पातळी उतरली की बोअरचं पाणी ओतायचं. कूलंटच घाला म्हटलं तर म्हणाले, "इथं काय बर्फ पडतंय?" स्टुटगार्टच्या थंडीत निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, तेव्हा तिथं त्याचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही. पण बेळगावातही ते गंज रोखतं आणि पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, तो तोटा वेगळाच. हे सगळं मी सांगितलं. परदेशातून आलेल्या मुलीनं सांगितलेलं जेवढं ऐकतात, तेवढंच ऐकलं गेलं.

मग गोव्याहून येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीपाशी पोचलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लालच्या जवळ. बाबा टॉवेल घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी ओरडले, पण त्यांना अडवलं ते मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं. गोव्यात भाजी उतरवून रिकामा परत चालला होता. "काका, हात काढा! तोंड भाजून घ्यायचं हाय काय?" अगदी बरोबर होतं त्याचं. झाकणाखाली दाब असतो, बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाबाला साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढं उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि इतका वेळ गप्प असलेलं पाणी एकदम उसळतं. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, हाताला गार लागेपर्यंत तो थांबला, आपल्या कॅनमधलं पाणी दिलं आणि जांबोटीपर्यंत आमच्या मागं मागं आला. पैसे घेतले नाहीत. तिकडं जर्मनीत अशा वेळी वाहनचालकांच्या क्लबला फोन करायचा, पिवळ्या गाडीतला माणूस येतो, क्लबचे सभासद असाल तर उत्तम सेवा देतो. त्याला मी नावं ठेवणार नाही, माझंही सभासदत्व आहे. पण सभासद नसताना कोण थांबतं, हे मला कणकुंबीलाच बघायला मिळालं.

आता गॅरेज. मिस्त्रीनं पहिल्यांदा बॉनेट उघडलंच नाही, नुसतं विचारत गेला. "धूर पांढरा येतोय काय? ऑइल दुधासारखं दिसायलंय काय? डाव्या बाजूचं मॅट ओलं? आत गोडसर वास?" पहिल्या दोन्हींत हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा संशय, पुढच्या दोन्हींत हीटरच्या आतल्या रेडिएटरचा. आमचं चारही बाबतींत नाही. मग गार इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप बसवला, त्याला मीटर. झाकणावर छापलेल्या आकड्याएवढाच दाब भरला. जास्त भरला तर चांगला होजही फुटतो. मीटरचा काटा हळूहळू उतरायला लागला, म्हणजे गळती होती, पण थेंब कुठंच नाही. पोऱ्याशी कन्नडमध्ये, स्पेअर पार्टवाल्याशी फोनवर हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलत त्यानं एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात आरशाचा तुकडा धरून एकेक क्लॅम्प बघितला. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथं दाबून बसवलेली असते, ती कडही बघितली. आमचा चहा झाला. मग त्यानं आरसा मला धरायला दिला. "अक्का, खाली बघा, पांढरं दिसतंय?"

कूलंट इंजिनात फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं. आमचं कूलंट तिथून झिरपायचं आणि तापलेल्या इंजिनवरच वाळून जायचं. फरशीवर थेंब येणार कुठून? उरली होती ती वाळलेली खपली.

बाबा म्हणाले, "मग भोकच बुजव की. नाहीतर हळद घालू रेडिएटरमध्ये."

मिस्त्री हसला नाही, हे विशेष. हळदीनं बारीक गळती तात्पुरती थांबते, जुने ट्रकवाले घालायचे, खरं आताच्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद की हळद तिथंच बसते, असं त्यानं समजावलं. भोक बुजवलं तर बेअरिंग जाणार. पंप बाहेरच्या बेल्टवरचा होता, त्यामुळं काम फार वाढलं नाही. नवा पंप, गॅस्केट, दोन कडक झालेले होज. मजुरी किती ते लिहीत नाही. स्टुटगार्टच्या तासाच्या दराशी तुलना करून स्वस्ताईचं कौतुक करणं मला आवडत नाही, कारण तिथला दर मिस्त्रीचं घर नीट चालेल असा असतो.

चिडले ते पुढं. काढलेलं जुनं कूलंट पोऱ्या गटारीकडं घेऊन निघाला. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी, वर चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात. आमच्याकडं, म्हणजे तिकडं, हे जमा करून द्यावं लागतं. मी बरंच बोलले. मिस्त्रीनं निमूट कॅन आणवला, त्यात भरलं आणि विचारलं, "खरं हा कॅन नेऊन द्यायचा कुठं, तेवढं सांगा."

मला सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, कॅन अजून तिथंच आहे.

मी परत आल्यावर बाबांचा फोन आला. "लेव्हल उतरली. तुझ्या मिस्त्रीनं फसवलं." नवं कूलंट भरताना आत राहिलेली हवा सुरुवातीला निघते तेव्हा पातळी थोडी उतरते. गाडी गार असताना उरलेलं तयार कूलंट खुणेपर्यंत घाला म्हटलं, बोअरचं नव्हे. घातलं म्हणतात.