आमची वाटचाल : फोंड्यातलं ग्राफिक्स कार्डांचं टेबल

मी आणि माझ्या धाकट्या भावाने फोंड्यात संगणक दुरुस्तीचं दुकान घातलं तेव्हा ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र घडवणारं सर्किट) हा धंद्याचा अगदी कोपऱ्यातला भाग होता. शाळांचे आणि पतसंस्थांचे संगणक, प्रिंटर, यूपीएस यांवर दुकान चालायचं. कार्ड मागायला यायचे ते लग्नाचे व्हिडिओ जोडणारे आणि संगणकावरच्या खेळांचं वेड असलेली कॉलेजची मुलं. आज डिचोली, वाळपई, म्हापशाहून लोक आमच्याकडे येतात ते बहुतेक कार्ड निवडायलाच. खरेदी पुष्कळदा दुसरीकडे करतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कितले जीबी?” म्हणजे कार्डाची मेमरी किती. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावर कार्ड ठरत नाही. हे आम्हाला नीट दाखवून दिलं ते जीटी १०३० या लहानशा कार्डाने. २०१७ साली ते आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ जातीची मेमरी होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. नाव एक, मेमरी दोन्हींत २ जीबी, मेमरी बस, म्हणजे मेमरी आणि चिप यांना जोडणाऱ्या तारा, दोन्हींची ६४ बिट. आता हिशेब करा. जीडीडीआर५ चा वेग दर तारेमागे सेकंदाला ६ गिगाबिट. त्याला ६४ ने गुणून ८ ने भागलं (आठ बिटांचा एक बाइट) की सेकंदाला ४८ गिगाबाइट. डीडीआर४ चा वेग २.१, म्हणजे फक्त १६.८ गिगाबाइट. विहीर तेवढीच खोल, पण कळशी तिसऱ्या हिश्श्याची. आम्ही दोन्ही कार्डं एकाच संगणकात पाळीपाळीने बसवली, एकच खेळ एकाच सेटिंगवर चालवला. पहिल्यावर खेळ नीट चालला. दुसऱ्यावर पात्राने मान वळवली की चित्र अडखळायचं. खोक्यावर मात्र हा फरक बारीक अक्षरांतल्या एका शब्दापुरताच.

तेव्हापासून आम्ही वही ठेवली. कार्डाचं पूर्ण नाव मेमरीच्या जातीसकट, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, कोणतं काम चालवलं, सेकंदाला सरासरी किती फ्रेम (चित्रं), सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा वेग किती, अर्ध्या तासानंतरचं तापमान आणि प्लगपाशी मोजलेले वॅट. या सगळ्यांत भावाचा जीव मंद १ टक्क्याच्या रकान्यात असतो, आणि त्याचं बरोबर आहे. सरासरी ७० असलेलं कार्ड मधेच २० वर आपटत असेल तर डोळ्यांना ते आपटणंच दिसतं, सरासरी दिसत नाही.

दुसरा प्रश्न कोरांचा, म्हणजे चिपमधल्या गणितं करणाऱ्या लहान भागांचा. आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४३५२ कोर, आरटीएक्स ३०७० मध्ये ५८८८. कागदावर दुसरं कार्ड पस्तीस टक्क्यांनी मोठं वाटतं. खेळात मात्र दोघं जवळपास बरोबरीने धावतात. कारण मोजणीत आहे. नव्या पिढीत पूर्णांकांची गणितं करणाऱ्या भागाला दशांशांची गणितंही करता येऊ लागली आणि तो भागही कोर म्हणून मोजला गेला. तो भाग पूर्णांकांत गुंतला की तेवढे कोर दशांशांना मिळत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत ही गत, तर एनव्हिडियाचे कोर आणि एएमडी या दुसऱ्या कंपनीचे स्ट्रीम प्रोसेसर यांची आकड्याला आकडा लावून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. ती करून कार्ड विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

शिगमोच्या आधी एक तरुण कलाकार आला. चित्ररथांचे आराखडे तो ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्याला आरटीएक्स ४०६० हवं होतं, कारण ते नवीन. चुकीची निवड नव्हती; बहुतेक खेळांत ते ३०६० च्या पुढे आहे, आणि ३०६० ला १७० वॅट लागतात तिथे हे ११५ वर भागवतं. पण त्याची मेमरी ८ जीबी आणि बस १२८ बिट, तर मूळ ३०६० ची १२ जीबी आणि १९२ बिट. म्हटलं, “तुझा सगळ्यात जड आराखडा पेनड्राइव्हवर घेऊन ये.” त्याने आणला. राक्षसाच्या अंगावरच्या खवल्यांपासून रथाच्या झालरीपर्यंत प्रत्येक गोष्टीला मोठाली चित्रं चिकटवलेली. ४०६० वर मेमरीचा आलेख वर चढत गेला, ८ जीबीला टेकला, उरलेला भार संगणकाच्या रॅमवर गेला आणि रेंडर, म्हणजे अंतिम चित्र काढणं, रेंगाळू लागलं. तीच फाइल ३०६० वर एका दमात पार पडली. पोरगा पडद्याकडे बघत म्हणाला, “काका, मला हेच द्या.” ३०६० नावाचंच ८ जीबी आणि १२८ बिटचं कार्डही २०२२ मध्ये आलं आहे, म्हणून बिलावर जीबी लिहून घ्यायला त्याला बजावलं.

जुन्या संगणकात नवीन कार्ड घालणाऱ्यांना आम्ही आधी मदरबोर्ड विचारतो. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, चारच लेन वापरतं. या जोडणीची चौथी पिढी असलेल्या बोर्डावर ते चालून जातं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की फटका लगेच जाणवतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आटोपशीर फाइलमध्ये बसवणारा भाग) नाही, तेव्हा लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने ते घेऊच नये.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि वापरलेली कार्डं बाजारात लोटली. ती आम्ही पंखे आणि उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड बघून, तासभर ताणून मगच घेतो. किनाऱ्यालगतच्या घरांतून आलेल्या कार्डाची धातूची पट्टी आणि स्क्रू आधी तपासतो, कारण खाऱ्या हवेने तिथेच गंज धरतो. चाचणीच्या खोलीत एसी लावत नाही. मे महिन्यात गिऱ्हाइकाच्या घरी खोली ३३ अंशांवर असेल, तर २२ अंशांत मोजलेलं तापमान त्याच्या काय कामाचं? खोली तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं, आणि मर्यादेला पोचलं की स्वतःचा वेग कमी करतं.

अलीकडे मुलं घरच्या संगणकावर प्रश्नांना उत्तरं देणारी भाषेची एआय मॉडेलं चालवायचं म्हणून येतात. तिथे मात्र “कितले जीबी?” हाच पहिला प्रश्न विचारायला हवा, कारण मॉडेल मेमरीत मावलं नाही तर बाकीचे आकडे बघण्याची वेळच येत नाही. वहीत त्यासाठी नवा रकाना आखला आहे.

शनिवारी दुपारनंतर टेबल मोकळं असतं. येताना आपली जड फाइल, मदरबोर्डचं नाव आणि पॉवर सप्लायच्या लेबलाचा फोटो आणा.