क्राकूफचं सेंट मेरी चर्च: कुठे थांबायचं, वर काय बघायचं

पोलंडमधल्या क्राकूफच्या मुख्य चौकात, म्हणजे रिनेक ग्वूव्नीत शिरलं की हे चर्च तिरकं का उभं आहे, हा प्रश्न पडायलाच हवा. आम्हाला पडला, कारण फोटोत ते सरळ येईचना. चौक 1257 मध्ये आखलेला, जवळपास 200 मीटर बाजूचा चौरस, त्यातून काटकोनात निघणाऱ्या गल्ल्या. त्या शिस्तीत न बसणारं ठळक काही असेल तर ते हे चर्च. ते चौकाच्याही आधीचं. बिशप इवो ओद्रोवाँझ यांच्या काळात, 1220च्या सुमारास इथे पहिलं चर्च झालं. 1241च्या मंगोल स्वारीत ते उद्ध्वस्त झालं आणि पुढे नवं बांधताना जुनीच दिशा धरली: वेदी पूर्वेला, दर्शनी भाग पश्चिमेला. चौक आखणाऱ्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं.

दुसरा वाकडेपणा मनोऱ्यांचा. डावीकडचा 82 मीटर, उजवीकडचा 69. दोन भावांनी एकेक मनोरा बांधायला घेतला, एकाचा उंच जातोय हे बघून दुसऱ्यानं त्याला सुऱ्यानं भोसकलं, अशी गोष्ट तिथला प्रत्येक गाइड सांगतो. तो सुराही दाखवतात. चौकाच्या मधोमध जो जुना कापडबाजार आहे, सुकियेन्नित्से, त्याच्या बोळातल्या भिंतीवर तो टांगलेला आहे. खरं कारण कमी रंगतदार, पण जास्त पटणारं आहे. उंच मनोरा शहराचा, पहारेकऱ्यांसाठी. आग आणि शत्रू लांबून दिसावेत म्हणून. बुटका चर्चचा, घंटांसाठी. उंच मनोऱ्यावरचा काट्याकाट्यांचा कळस 1478चा, त्याच्याभोवतीचा सोनेरी मुकुट 1666चा. बुटक्यावरचा घुमट सोळाव्या शतकाच्या शेवटचा, रेनेसाँ वळणाचा. दोन्ही डोकी वेगवेगळ्या पिढ्यांनी घातली आणि कुणी जुळवायचा प्रयत्नही केला नाही, हे मला फार आवडलं.

बांधकाम विटांचं आहे, दगड फक्त कडांना आणि नक्षीला. पॅरिस बघून आलेल्यांना इथे बाहेरून टेकू देणाऱ्या त्या उडत्या कमानी दिसणार नाहीत. क्राकूफच्या गवंड्यांनी वेगळी युक्ती केली. आतल्या खांबांनाच पाठीमागून जाड टेकू जोडले आणि ते बाजूच्या कमी उंचीच्या दालनांच्या छपरातून वर काढले. छताचा भार तिथेच पेलला जातो. चर्चला वळसा घालून बाजूनं वर पाहिलंत तर भिंतीला चिकटलेले हे टेकू ओळखू येतात. दक्षिणेच्या दारापाशी भिंतीत लोखंडी गळपट्टे आहेत, तेही बघा. गुन्हेगारांना त्यात मान अडकवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उभं करायचे.

तिकिटाचं आधी सांगतो, कारण बरेच जण इथेच गोंधळतात. चौकाकडचं मोठं दार प्रार्थनेसाठी येणाऱ्यांचं. तिथून आत जाता येतं, पैसे लागत नाहीत, पण मागेच थांबावं लागतं आणि वेदी लांब राहते. पर्यटकांचं दार दक्षिणेला, लहानशा मारियात्स्की चौकात, आणि तिकीटखिडकी त्याच चौकात समोर. (हा लहान चौक म्हणजे पूर्वीची दफनभूमी, आता तिथे कबुतरं आणि शाळेच्या सहली.) रविवारी आणि सणांना सकाळभर मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना चालते, तेव्हा पर्यटकांना दुपारनंतरच आत घेतात. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चर्चच्या वेबसाइटवर बघून घ्या. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, फ्लॅश नको.

आणि जायचं तर बाराच्या आधी, साधारण साडेअकराला. कारण बाराच्या थोडं आधी वेदीवरच्या मोठ्या कोरीव लाकडी पटाची दारं उघडतात. रोज हे होतंच असं नाही. काही वारांना पट आधीपासूनच उघडा असतो. पण मिटलेला बघून मग उघडताना बघायची मजा वेगळी. मिटलेल्या दारांवर मरिया (म्हणजेच मेरी, येशूची आई) आणि येशूच्या आयुष्यातले 12 प्रसंग कोरलेले, रंग गंभीर. मग एक नन येते, लांब काठीनं पल्ले बाजूला सारते आणि आतलं सोनं बाहेर येतं. समोरच्या बाकांवर जागा धरून ठेवा, नंतर गर्दी होते.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून आलेल्या शिल्पकार विट स्त्वोशनं (जर्मन लोक त्याला फाइट श्टोस म्हणतात) हे काम 1477 ते 1489 असं बारा वर्षं केलं. खर्च शहरातल्या व्यापारी-कारागिरांच्या वर्गणीतून झाला. सुमारे 13 मीटर उंच आणि 11 मीटर रुंद, सांगाडा ओकचा, मूर्ती लिंडनच्या लाकडाच्या. मधल्या दृश्यात मरियेचा शेवटचा क्षण: ती गुडघ्यांवर कोसळतेय, एका प्रेषितानं, म्हणजे येशूच्या शिष्यानं, तिला सावरलंय, बाकीचे भोवती. मूर्ती पुरुषभर उंचीहून बऱ्याच मोठ्या, जवळपास पावणेतीन मीटरच्या, पण खालून ते कळत नाही. मी दुर्बीण घेऊन गेलो होतो, तुम्हीही न्या. सावरणाऱ्याच्या मागे एकानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटं एकमेकांत घट्ट अडकवलीत. त्या हातांच्या शिरा, सुजलेली पेरं, कातडीच्या सुरकुत्या एकेक दिसतात. हे संतांचे हात नाहीत, आयुष्यभर राबलेल्या म्हाताऱ्यांचे आहेत. ज्यांना समोर बसवून केले असतील, ते चौकातलेच लोक असणार.

1939च्या ऑगस्टमध्ये, युद्ध दारात असताना, पोलिश लोकांनी या मूर्ती सुट्या करून विस्तुला नदीतून सांडोमिएश या गावी पाठवल्या. नाझींनी त्या शोधून जर्मनीत नेल्या. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालच्या तळघरात सापडल्या, 1946 मध्ये परत आल्या आणि चर्चमध्ये पुन्हा उभ्या राहायला 1957 उजाडलं. अलीकडे 2021 पर्यंत साफसफाई आणि डागडुजी झाली, त्यामुळे सध्या रंग छान दिसतात.

बाकी आतलं थोडक्यात. निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आणि भिंतींवरचे रंग मध्ययुगातले नाहीत. चित्रकार यान मातेइकोनं ते 1889 ते 1891 मध्ये करवले. दक्षिणेच्या दालनात स्त्वोशचाच दगडी क्रूस आहे. तिथे गर्दी नसते, चुकवू नका.

दर तासाला उंच मनोऱ्यावरून तुतारी वाजते, त्या धुनेला हेयनाऊ म्हणतात. चार दिशांना चारदा, आणि प्रत्येक वेळी मध्येच तुटते. मंगोलांचा बाण वाजवणाऱ्याच्या गळ्यात बसला, म्हणून सूर तिथेच थांबतो, अशी कथा. पण 1241 मध्ये हा मनोराच नव्हता! ही गोष्ट जगभर पसरली ती 1928च्या एका अमेरिकन बालकादंबरीमुळे. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात, म्हणजे आगीवर नजर ठेवायचं जुनं काम अजून त्याच खात्याकडे. दुपारी बाराची तुतारी 1927 पासून पोलिश रेडिओवर लागते. वाजवून झालं की जवान खिडकीतून हात हलवतो, खालून तुम्हीही हलवा. मनोऱ्यावर जायचं तर तिकीट वेगळं, पायऱ्या दोनशेच्या वर आणि लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच ऐका.

मुंबईहून क्राकूफला थेट विमान नाही. वॉर्सावरून रेल्वेनं अडीच तासांत येता येतं, आणि स्टेशनापासून चौक पायी पंधरा मिनिटांवर, फ्लोरियन दरवाजातून. चलन झ्वोती, युरो नव्हे. शेंगेन व्हिसा चालतो. शाकाहारी असाल तर बटाटा-पनीरच्या पियेरोगी (मोदकासारख्या सारण भरून उकडलेल्या करंज्या) मागवा, पण आधीच "बेझ स्क्वारेक" म्हणा, नाहीतर वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे येतात. आणि कोल्हापूरचे असाल तर तसं जरूर सांगा. 1943 ते 1948 या काळात शेजारच्या वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं. आमच्या होमस्टेच्या आजींना "वळिवडे" हे नाव माहीत होतं, आणि मग नाश्त्याला उशीर झाला.