दहा वाघिणींची रेल्वे

"मावशी, दोन वर्षं झालं सीईटीचं करायलो. बाकी सगळं जमायलंय, इंग्रजी ग्रामर तेवढं येईना. तुमचं कसं सुधारलं?" लातुरात हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात, आणि उत्तर देईपर्यंत वाढपी पुढं निघून जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी एमबीएची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिली 2017 साली. 200 प्रश्न, 150 मिनिटं. एका प्रश्नाला पाऊण मिनिट. माझी शाळा जिल्हा परिषदेची, औसा तालुक्यातली, आणि इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, तोवर मी पुढच्या वर्गात गेले होते.) क्लासमधले सर सांगायचे, वाक्य मनात म्हणून बघा, कानाला खटकलं की तिथं चूक. माझ्या कानाला काही खटकायचंच नाही. चारही पर्याय सारखेच गोड लागायचे. कान तयार व्हायला घरात ती भाषा बोलावी लागते, आणि आमच्या घरात बोलणं चालायचं ते तुरीच्या भावाचं.

कुणी म्हणालं, रोज इंग्रजी पेपर वाच. वाचला. शब्द वाढले, ग्रामर होतं तिथंच राहिलं. बातमी कळली की डोळा पुढं पळतो. तिथं 'हॅज' होतं की 'हॅव', कोण बघत बसतं?

फरक पडला तो चुकांच्या वहीनं. वही सगळेच करा म्हणतात, मीही केली होती. पण सहा महिने तिच्यात नुसती बरोबर उत्तरं उतरवून काढली आणि पुढच्या टेस्टला तीच चूक परत. मग उलटं केलं. चुकीचा पर्याय मला बरोबर का वाटला होता, ते लिहायला लागले, तेही मराठीत. दोन-तीन आठवड्यांत पानं चाळली तर बहुतेक चुकांच्या मुळाशी माझी मराठीच बसलेली.

वर त्या पोरानं काय म्हटलं बघा: "दोन वर्षं झालं करायलो." आपल्याकडं काम दोन वर्षांपासून चालू असलं तरी क्रियापद वर्तमानातच राहतं. म्हणून आपण बिनधास्त 'आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स टू इयर्स'वर खूण करतो. इंग्रजीला तिथं 'हॅव बीन प्रिपेअरिंग' लागतं, आणि दोन वर्षं हा काळाचा तुकडा असल्यानं 'फॉर'. 'सिन्स' कधी, तर 2015 पासून म्हणायचं असेल तेव्हा. तसंच 'जरी'ला 'तरी' लागतं, म्हणून 'ऑल्दो'च्या मागं 'बट' चिकटतो. इंग्रजीत दोघांतला एकच ठेवायचा. "तो कुठं राहतो असं तिनं विचारलं" यात आपला प्रश्न जसाच्या तसा आत बसतो, म्हणून 'शी आस्क्ड व्हेअर डिड ही लिव्ह' बरोबर वाटतं. हवं असतं 'व्हेअर ही लिव्ह्ड'. 'डिस्कस'च्या पुढं 'अबाउट' कुठून येतो? 'त्याबद्दल चर्चा'मधून.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी गोष्ट: कर्ता आणि क्रियापद. मी भाकरी खाल्ली, मी भात खाल्ला. खाणारी मीच, पण आपलं क्रियापद भाकरीचं ऐकतं. शेजारच्या नामाकडं बघून क्रियापद बदलायची ही सवय लहानपणापासूनची, आणि पेपर काढणारे नेमकं शेजारी भलतंच नाम आणून बसवतात.

हे मला उलगडलं एप्रिल 2016 मध्ये. तेव्हा दुष्काळात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींची, म्हणजे दहा मालडब्यांची. घागरी रांगेला लावून मी वही घेऊन बसायची. त्यात गंमत म्हणून वाक्य लिहिलं: 'द ट्रेन विथ टेन वॅगन्स ऑफ वॉटर हॅव अराइव्ह्ड.' क्रियापदाच्या आधी दहा वाघिणी, म्हणून 'हॅव'. मग मराठी केलं: पाण्याच्या दहा वाघिणींची रेल्वे आली. 'आल्या' असं कुणाच्या तोंडून येईल का? मराठीत सगळी विशेषणं, सगळे 'चा-ची-चे' आधी येऊन जातात आणि मुख्य नाम शेवटी, क्रियापदाला खेटून. इंग्रजीत मुख्य नाम आधी, शेपूट मागं. तेव्हापासून लांबलचक कर्ता दिसला की मनात त्याची मराठी करायची आणि शेवटचा शब्द धरायचा. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' म्हणजे माझ्या मित्रांपैकी एक. शेवटी 'एक', म्हणून 'इज'. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज', आंब्यांची प्रत, परत 'इज'. पाच सेकंदांत काम होतं.

युक्ती सगळीकडं चालत नाही, हेही सांगते. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' यांना अनेकवचनाचा 'एस' लागत नाही, ते पाठच करायचं. आणि 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स'ला 'आर', पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स'ला 'इज', ही जोडी मी चारदा चुकले तेव्हा कुठं बसली.

'अ', 'ॲन', 'द' कुठं घालायचं ते मात्र मला विचारू नका. मराठीत ते नाहीतच, त्यामुळं वहीत कारण लिहायला जागाच नव्हती. परीक्षेत ते प्रश्न मी शेवटाला ठेवले. आमच्या वेळी चुकीला मार्क कापत नव्हते, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत जिथं-तिथं 'द' ठोकून मोकळी झाले.