म्हातारा कुत्रा ताटलीकडे पाठ फिरवतो तेव्हा

आमचा बंड्या १३ वर्षांचा, देशी, वजन १८ किलो. एप्रिलमध्ये त्याचं खाणं निम्म्यावर आलं. इंदुरात एप्रिल म्हटलं की "उन्हामुळे असेल" हे उत्तर तयारच असतं आणि त्यातच आठ-दहा दिवस जातात. पण उन्हाने मरगळलेला कुत्रा दुपारचं टाळतो, पहाटे आणि रात्री खातो. तिन्ही वेळा तोंड फिरवत असेल तर कारण दुसरं आहे.

आपण दुसरी चूक करतो ती पदार्थ बदलण्याची. आज चिकन, उद्या अंडं, परवा पनीर. तो दोन दिवस खातो, पुन्हा थांबतो, आणि दुखणं तेवढं पुढे गेलेलं असतं. त्यापेक्षा ताटली ठेवून बाजूला बसावं आणि तो नेमकं काय करतो ते पाहावं.

लगबगीने येतो, घास उचलतो आणि खाली टाकतो, किंवा मान वाकडी करून एकाच बाजूने चावतो: भूक आहे, तोंड दुखतंय. ओठ बाजूने वर उचलून वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजू बघा. पिवळा-तपकिरी थर आणि लाल हिरडी बहुधा तिथेच दिसते. येतो, वास घेतो, ओठ चाटतो, रिकामंच गिळतो आणि निघून जातो: ही मळमळ. मूत्रपिंड, यकृत, पोट, किंवा सांध्यांसाठी चालू असलेली वेदनाशामक गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. जागचा उठतच नाही, पण तोंडाशी नेलं तर खातो: मान, कंबर, गुडघे तपासून घ्या. गुळगुळीत फरशीवर पाय फाकत असतील तर म्हातारा कुत्रा ताटलीपाशी उभंच राहत नाही. दोनशे रुपयांची रबरी चटई कधी कधी औषधाचं काम करते.

बंड्या दुसऱ्या प्रकारातला निघाला.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी दोन मापं घेतली. वजन: त्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. १६.६ किलो भरलं, म्हणजे ८ टक्के घट. केसांमुळे डोळ्यांना ती कळत नाही. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला की कळते. दुसरं माप पाण्याचं. सकाळी २ लिटर मोजून भांड्यात ओतायचं आणि २४ तासांनी उरलेलं मोजायचं. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पीत असेल तर ते नक्की सांगण्यासारखं आहे. बंड्याने २ लिटर संपवून वर आणखी मागितलं होतं.

रक्तासोबत लघवीही तपासून घ्या, शक्यतो सकाळची पहिली. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून बघतात, पण ते स्नायूंतून येतं, त्यामुळे वाळलेल्या कुत्र्यात आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसतो. लघवी किती पातळ आहे ते कळलं की चित्र पुरं होतं. आमच्याकडे गोचिडी फार, म्हणून गोचीडतापाची चाचणीही केली; ती निगेटिव्ह आली. क्रिएटिनिन ३.१ होतं. २.९ ते ५ म्हणजे मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराची तिसरी पायरी. सोनोग्राफी किंवा दुसरं मत हवं असेल, तर साधारण २५ किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा: आधी मळमळ थांबवायची, मग खायला घालायचं. मळमळताना जे पुढे येतं त्याच्याशी कुत्रा ती मळमळ जोडून टाकतो आणि बरं वाटल्यावरही त्या पदार्थाला शिवत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं खाणं पहिल्याच दिवशी पुढे करू नये, आणि त्यात गोळी तर मुळीच लपवू नये. गोळी वेगळी द्यायची, वर ५ मिलिलिटर पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकते. आम्हाला मारोपिटंट (मळमळ थांबवणारं औषध) दिवसातून एकदा सांगितलं होतं आणि काही दिवस कातडीखाली सलाईन. मात्रा डॉक्टरांचीच. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीच नाही.

किती खायला हवं याचा साधा हिशेब: वजन गुणिले ३०, अधिक ७०. १८ किलोला ६१० कॅलरी. बरेच दिवस उपाशी असेल तर पहिल्या दिवशी याचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, मग पूर्ण. शिजलेला भात ३०० ग्रॅम, उकडलेलं चिकन ५० ग्रॅम, एक अख्खं अंडं, एक पांढरा बलक आणि चहाचा चमचाभर तेल, एवढ्यात साधारण तो आकडा गाठला जातो. मात्र हे थोड्या दिवसांपुरतंच. यात कॅल्शियम पुरेसं नसतं. स्वादुपिंडाला सूज असेल तर तेल वगळायचं.

घास कोमट हवा, मनगटावर टेकवून बघावा. नाक मंदावलेल्या कुत्र्याला थंड भाताचा वासच येत नाही. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, १५ मिनिटांनी ताटली उचलायची. चिकन उकडलेलं पाणी दोन चमचे वर घाला, पण सूपचे तयार क्यूब नकोत. त्यांत मीठ, कांदा, लसूण असतो. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सकाळच्या पोह्यांतला घास "तेवढंच खातो बिचारा" म्हणून देणारी एक आजी आपल्याकडे घरोघरी असते, तिला हे आधी सांगून ठेवावं.

सिरिंजने भरवणं मी शेवटी ठेवलं. डोकं वर करून घशात ओतलं तर अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. डोकं सरळ ठेवून, गालाच्या खोबणीत २-३ मिलिलिटर, तो गिळेपर्यंत थांबायचं. ठसका लागला, लाळ गळाली, की बंद. मळमळ चालू असताना तर नकोच.

२४ तास काहीच पोटात नाही, पाणीही टिकत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, किंवा पोट फुगून नुसतेच उमासे येताहेत, तर यांतलं काहीही घरी करत बसू नये, गाडी काढावी.

औषध लागू पडल्यावर चौथ्या दिवशी बंड्या उठून ताटलीपर्यंत आला. जूनअखेर १७.२ किलो. वहीत तेव्हापासून दोन रकाने आहेत: किती खाल्लं, आणि आपणहून की हातून. डॉक्टर दुसरा रकाना आधी बघतात.