पाहुण्याला राजगड दाखवताना

परराज्यातल्या पाहुण्याने 'एकच किल्ला बघायचाय' म्हटलं, की मी राजगड सुचवतो. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते आणि पाहुणा भजी, पिठलं-भाकरी यांतच रमतो. राजगडावर अजून पायीच जावं लागतं. शिवाय महाराष्ट्राबद्दल ऊर भरून येणं आणि मान खाली जाणं, हे दोन्ही इथे एका तासात उरकतं.

पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला उजवीकडे वळायचं आणि पुढे मार्गासनीवरून गड गाठायचा. अंतर साधारण 60 किलोमीटर. पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोर दरवाज्याची वाट जवळची, पण शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा. रेलिंग आहे, तरी एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. रविवारी दहानंतर चढणारे आणि उतरणारे तिथे समोरासमोर येतात आणि सगळी रांग कड्याला चिकटून उन्हात उभी राहते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, ते वेगळंच. नवख्या माणसाला पालीच्या बाजूने न्यावं. तो जुना राजमार्ग आहे, दगडी पायऱ्या रुंद आहेत आणि दोन तासांत पाली दरवाजा येतो. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचा मोह होतो, पण गाडी डोंगराच्या पलीकडे राहते हे आधी लक्षात घ्या. माणशी तीन लिटर पाणी घ्या, मार्चनंतर चार.

वर पोचल्यावर पद्मावती माची, म्हणजे बालेकिल्ल्याखालचा तटबंद सपाट भाग. तळं, देऊळ, 1659 साली इथेच वारलेल्या सईबाईंची समाधी. रायगडाआधी स्वराज्याची राजधानी ही. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले, राजगड मात्र राहिला. 1666 ला महाराज आग्र्याहून सुटून परतले ते इथेच. पाहुण्याला एवढं सांगितलं तरी पुरतं, सनावळ्यांनी तो कंटाळतो.

त्याला थेट संजीवनी माचीवर न्या. जाऊन येऊन दोन तास धरा. माची तीन टप्प्यांत उतरत जाते आणि बांधकामाचं खरं डोकं इथे दिसतं: एकाला लागून दुसरा तट, मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी सांद. बाहेरचा तट फोडून शत्रू आत घुसलाच, तर तो त्या सांदीत अडकतो आणि वरून मारा सुरू होतो. आत उतरायचे जिने अंधारे, पायऱ्या उंच आणि घसरड्या, म्हणून बॅटरी हवीच. इथेच तटाच्या पोटात शौचकूप आहेत. बसायची जागा आतल्या बाजूला आणि घाण तटाबाहेरच्या उतारावर जाईल अशी वाट. पहाऱ्यावरच्या शिपायाला जागा सोडून लांब जावं लागू नये, इतका पुढचा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी केलेला.

नेमका इथेच पाहुणा विचारतो, "आता टॉयलेट कुठे आहे?"

उत्तर सोपं नाही. वर सोय मिळेलच असं धरू नका, पायथ्याच्या गावातच उरकून निघा. वर वेळ आलीच तर पाण्यापासून निदान साठ पावलं लांब, मातीत वीतभर खड्डा करून, नंतर तो बुजवून. कागद खाली न्यायच्या पिशवीत. अडचण अशी की माचीवर माती जेमतेम असते, खाली लगेच कातळ लागतो. खड्डा होत नाही म्हणून लोक आडोसा बघतात आणि आडोसा म्हणजे तो तट, ते बुरूज आणि कधी कधी ते शौचकूपच.

टाक्यांचंही तेच. खडकात खोदलेल्या टाक्यात पावसाळ्यात पाणी येतं ते पुढच्या पावसापर्यंत तसंच राहतं. त्याला वाहतं तोंड नाही. कुणी साबणाने हात धुतले, भांडी विसळली, निर्माल्य सोडलं, की ते आठ महिने तिथेच. वरचं पाणी वापरायचं तर भांड्यात काढून टाक्यापासून लांब वापरा, प्यायचं तर उकळून.

भिंतींवरची नावं हा तिसरा प्रकार. आपला दगड बेसाल्ट, त्यात बारीक भोकं. तेलरंग आत मुरतो. उत्साही मंडळी तारेचा ब्रश घेऊन ती नावं घासायला बसतात, तेव्हा रंग अर्धाच निघतो आणि सांध्यातला चुना मात्र उकरला जातो. तेव्हा हेतू कितीही चांगला असला तरी ते काम जाणकारांवर सोडा. बदाम आणि बाणाचा अर्थ पाहुण्याला समजावून सांगावा लागत नाही, तो त्याच्याही गावच्या किल्ल्यावर असतो. ही पळवाट मी पूर्वी वापरत असे. 11 जुलै 2025 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यांतले 11 महाराष्ट्रात आणि त्यांत राजगड. आता 'तुमच्याकडेही हेच' म्हणून सुटता येत नाही.

सगळ्यात जास्त बोचतं ते आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभारावरचा मराठेशाहीतला ग्रंथ. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास त्यात गडाची व्यवस्था लिहिली आहे: वाटांवर, बाजारात, तटाशी केर पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा. आपण घोषणा देत चढतो आणि कुरकुऱ्यांचं पाकीट दगडाखाली सारतो. ते दगडाखालीही राहत नाही, माकडं उकरून काढतात.

सुवेळा माचीच्या नेढ्याकडे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाकडे, जाणार असाल तर आग्यामोहोळांचं भान ठेवा. अत्तर नको, सिगरेट नको, शेकोटी तर नकोच. बालेकिल्ला मात्र टाळू नका. चढ उभा आहे, उतरताना तोंड कड्याकडे ठेवायचं.

जाड गोणपाटाची एक पिशवी बरोबर ठेवा, माणशी एक. ती भरली की पायथ्याच्या गावात सोडू नका. गावातल्या डब्यातला कचरा बहुधा ओढ्याकाठीच पेटवला जातो. पिशवी गाडीत टाका आणि पुण्यात उतरवा. वास येतो, काचा खाली ठेवा.