पाठीवरचं नाव

लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात, ओंटारिओ प्रांतात सहा महिने राहिले. जानेवारी होता. दाराबाहेर पाय ठेवायची सोय नव्हती आणि जावई रोज संध्याकाळी टीव्हीवर आइस हॉकी लावून बसायचे. खेळातलं मला काही कळत नव्हतं, ती काळी चकती तर दिसायचीच नाही. पण खेळाडूंच्या पाठीवर आडनावं लिहिलेली असतात, ती मात्र मी भाजी निवडता निवडता वाचत बसायचे.

एकदा जुने सामने दाखवत होते. माँट्रियलचा एक सोनेरी केसांचा खेळाडू सगळ्यांना चुकवून वाऱ्यासारखा पुढे जायचा. पडद्यावर त्याचं नाव आलं, ते मी इंग्रजी अक्षरं लावत मोठ्यानं वाचलं, "गाय". जावई खुर्चीतून पडायचे राहिले. फ्रेंचात त्याचा उच्चार 'गी' होतो म्हणे. गी लाफ्लर. आणि लाफ्लर म्हणजे फूल! सत्तरच्या दशकात समोरच्या संघाला सळो की पळो करून सोडणारा हा गडी, आणि आडनावानं आपला 'फुले'.

या फुलांचं मूळ फौजेत निघालं. माँट्रियल ज्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात आहे त्या क्युबेकमध्ये फ्रान्सचे शिपाई आले (1665 साली तर एक अख्खी रेजिमेंट उतरली) ते छावणीतली टोपणनावं घेऊनच. लाफ्लर म्हणजे फूल, लात्युलिप म्हणजे ट्यूलिप, साँसुसी म्हणजे निश्चिंत, जोलिकर म्हणजे दिलखुश. कागदोपत्री आधी खरं आडनाव, मग 'दी', म्हणजे 'ज्याला म्हणतात', आणि मग टोपणनाव. पुढच्या पिढ्यांत कुणाचं खरं आडनाव गळालं, कुणाचं टोपण. आपल्याकडे आडनावाला पडनाव म्हणायचे ते मला तेव्हा पटलं. नाव पडतं, चिकटतं, आणि नातवंडांना ते का पडलं हेही ठाऊक नसतं. फरक एवढाच की त्यांच्यावर ट्यूलिप पडलं आणि आपल्याकडच्या काही बिचाऱ्यांवर ढेकणे.

क्युबेकमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव त्राँब्ले. इकडे पाटील असतात तसे तिकडे त्राँब्ले. पण पाटलांचं मूळ गावोगाव वेगळं, त्राँब्ल्यांचं एकच. प्येर त्राँब्ले नावाचा एक माणूस फ्रान्समधल्या तुरूव्र गावाच्या परिसरातून 1647 साली जहाजात बसून आला. दहा वर्षांनी ओझान आशाँ नावाच्या मुलीशी लग्न केलं, बारा मुलं झाली, आणि आजचे जवळजवळ सगळे त्राँब्ले त्या एका चुलीवरचे. अशा घराण्यात भाऊबंदकी सुरू झाली तर कोर्ट पुरायचं नाही.

हाकेच्या नावांची तर आणखीच गंमत. जुन्या कॅथलिक घरांत मुलाला बाप्तिस्म्याला आधी 'जोझेफ' लावायचे, मुलीला 'मारी'. मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि हाक मारायचं नाव सगळ्यात शेवटी. कॅनडाचे पंतप्रधान झालेले झाँ क्रेत्याँ कागदावर जोझेफ जाक झाँ. प्येर त्रुदो तर जोझेफ फिलिप प्येर इव्ह एलियट त्रुदो! म्हणजे दोन पंतप्रधान 'जोझेफ', पण जोझेफ म्हणून हाक मारली असती तर दोघांनीही मागे वळून पाहिलं नसतं. आपल्या पत्रिकेतलं जन्मनाव असंच असतं. माझं 'च'वरून आहे, ते मला आणि गुरुजींना सोडून कुणाला माहीत नाही.

पण मी थबकले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. 1981पासून क्युबेकमध्ये लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. बदलायचं नसेल तर बदलू नका, असं नव्हे. हौसेनं नवऱ्याचं आडनाव घ्यायचं म्हटलं तरी कायदा घेऊ देत नाही. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही बदलली. तांदूळ त्याच रात्री भातात गेले असावेत. लेकीनं ओंटारिओत जोडआडनाव ठेवलंय, आणि ते तिथल्या कुठल्याच अर्जाच्या चौकोनांत मावत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या कॅनडाचं नाव मात्र 'गॉर्ड'. गॉर्डनचं लाडकं रूप. हॉकीतला गॉर्डी हाव, गायक गॉर्डन लाइटफूट, गायक गॉर्ड डाउनी, सगळे त्यातलेच. 1885 साली सुदानमधल्या खार्टूममध्ये ब्रिटिशांचा जनरल गॉर्डन मारला गेला, त्यानंतर ब्रिटिश साम्राज्यभर मुलांना हे नाव ठेवायची लाट आली. कॅनडात ती जरा जास्तच मुरली. आमच्या शेजारचे आजोबा न सांगता आमच्याही दारातला बर्फ उपसून जायचे. त्यांचं नाव वेगळं होतं, पण गॉर्ड शोभलं असतं. हल्लीच्या बाळांत मात्र गॉर्ड शोधणं म्हणजे बारशाला 'दत्तात्रय' ऐकू येण्यासारखं.

आणि सिंग? आता तेही तिथलंच नाव. तरी 2007पर्यंत, नुसतं सिंग किंवा कौर चालणार नाही, वेगळं आडनाव लावा, असं स्थायिक व्हायला निघालेल्या शिखांना कळवलं जात होतं. बोभाटा झाला तेव्हा ते बंद झालं.

त्यांच्याही आधी तिथं असलेल्या, अगदी उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या इन्युइट लोकांना तर आडनावच नव्हतं. सरकारी वह्यांची पंचाईत झाली, म्हणून 1940च्या दशकात प्रत्येकाला गळ्यात घालायला नंबराचा बिल्ला दिला. पूर्वेकडच्यांना 'ई', पश्चिमेकडच्यांना 'डब्ल्यू', पुढे आकडे. शेवटी एब ओकपिक हे त्यांच्यातलेच गृहस्थ 1968 ते 1971 या काळात वस्त्यावस्त्यांतून फिरले आणि लोकांना हवं ते आडनाव विचारून लिहून घेतलं. बऱ्याच जणांनी वडिलांचं किंवा आजोबांचं नाव सांगितलं.

इन्युइटांमध्ये वारलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही येतं. आपल्या वडिलांचं नाव ज्याला ठेवलं, त्या तान्ह्या मुलाला आई 'बाबा' म्हणू शकते.

हे ऐकून लेक म्हणाली, "किती वेगळं ना?" मी म्हटलं, यात काय वेगळं? माझ्या थोरल्या दिरांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं. सासऱ्यांचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून सासूबाई पोटच्या पोराला जन्मभर 'दादासाहेब' म्हणाल्या. त्याला धपाटा घालतानासुद्धा.