पापणीच्या आतली नोंद

माझे डोळे जन्मापासून थरथरतात. निस्टॅगमस म्हणतात त्याला. तपासणीला हनुवटी टेकवून कॅमेऱ्यासमोर बसते, पापणी जरा खाली आली की बाहुली दिसेनाशी होते. पुन्हा पहिल्यापासून! म्हणून डोळ्यावरच बसून हालचाल टिपणाऱ्या लेन्सची मला फार ओढ आहे. कल्पना जुनीच. १९६३ मध्ये संशोधक डेव्हिड रॉबिन्सन यांनी लेन्समध्ये तारेचं वेटोळं बसवलं आणि भोवती चुंबकीय क्षेत्र ठेवलं. डोळा वळला की वेटोळ्यातला विद्युतदाब बदलतो, त्यावरून कोन मिळतो, अगदी सूक्ष्म. पण तार डोळ्यातून बाहेर यायची. ती तार आता नको, तिच्या जागी लेन्समध्येच चिप हवी. आणि कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, ऑक्सिजन मुख्यतः अश्रूंवाटे हवेतून मिळतो, चिप बसवताना तो अडता कामा नये. ही अट मला सगळ्यात मोठी वाटते.